तिघींची सुधारित आवृत्ती

स्वतः घडवलेल्या यंत्रानं आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला शून्य द्यावं, अशी दुपार डॉ. सानिका बेळेकरच्या नशिबात लिहिलेली होती.

मिरजेच्या मेंदू पुनर्बांधणी केंद्रातल्या प्रयोगशाळेत, काचेपलीकडे, ऋजुता कुंभोजकर पलंगावर निजली होती. डोळे उघडे, श्वास संथ, डोक्यावर तारांची मऊ टोपी. उन्हाळ्यात तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हापासून ती बोलली नव्हती, तिनं बोट हलवलं नव्हतं, हाकेला पापणीचंही उत्तर दिलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात नद्यांचे नकाशे काढण्यात जन्म घालवलेली ही बाई एरवी इतकी बोलकी, की तिचा फोन आला की लोक भाजी निवडायला घेऊन बसत. आता गणपती येऊन गेले तरी तिच्या तोंडून शब्द नव्हता.

"मॅडम, सगळं पुन्हा तपासलं," निषाद म्हणाला. डॉ. निषाद गवंडी हा सानिकाचाच जुना विद्यार्थी. रुग्ण आपल्या नात्यातला किंवा मैत्रीतला असेल तर चाचणी दुसऱ्यानं घ्यायची, असा केंद्राचा नियम होता आणि तोही सानिकानंच केलेला. म्हणून सकाळपासून ती दाराबाहेरच्या बाकावर बसून होती. "यंत्र ठीक आहे, टोपी ठीक आहे. अंक शून्यच येतोय."

बाकावर तिच्या शेजारी नसीम सतारमेकर होती, तिघींतली तिसरी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली तरी न कळलेलं वाक्य पुढं जाऊ द्यायचं नाही ही खोड काही सुटलेली नव्हती. "शून्य म्हणजे काय ते नीट सांगा मला," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या भाषेत नको."

निषादनं सांगितलं. गोष्ट ऐकताना माणसाचा मेंदू हात बांधून बसत नाही, तो शब्दांच्या पुढं पुढं पळतो. 'ताटात पिठलं आणि' एवढंच कुणी म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या मेंदूत 'भाकरी' आधीच तयार असते. नव्या कादंबरीत ही तयारी अधूनमधून जुळते. वाचलेल्या कादंबरीत पुष्कळदा जुळते. आणि जी कादंबरी माणसानं पुन्हा पुन्हा वाचली आहे, तिच्यात तर मेंदू वाक्याच्या आधीच वाक्याच्या शेवटी जाऊन बसलेला असतो. या पुढं पळण्याला सानिकानं नाव दिलं होतं चाहूल, आणि ती मोजणाऱ्या यंत्राला चाहूलमापक. ज्याला बोलता येत नाही, हलता येत नाही, त्याच्या आठवणी शाबूत आहेत का हे विचारायचं कसं? त्याच्या आवडीची कादंबरी त्याला ऐकवायची आणि चाहूल-अंक बघायचा.

"म्हणजे तिच्या मनातलं तुम्हाला वाचता येतं?" नसीमनं विचारलं.

"नाही गं," सानिका म्हणाली. "कुलपात किल्ली फिरली की नाही, एवढंच कळतं. आलेला शब्द तिच्या तयारीशी जुळला का, बस्स. तयारी काय होती ते यंत्राला दिसत नाही."

"आणि शून्य?"

निषादनं आधी सानिकाकडे पाहिलं आणि मग फरशीकडे. "ती कादंबरी कधीच न वाचलेल्या माणसालासुद्धा थोडेफार गुण मिळतात, मावशी. नुसती मराठी येते म्हणून. शून्य म्हणजे आत काहीच तयार होत नाही."

या शून्याचा अर्थ नसीमला आता पुरता कळला होता. ऋजुताला पेशीसेतू मिळायचा की नाही ते या अंकावर ठरणार होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूपेशी मेलेल्या भागावरून विणत न्यायच्या, म्हणजे अलीकडचा मेंदू पलीकडच्याशी पुन्हा बोलू लागतो, असा तो उपचार. पण सेतू बांधायला दोन्ही काठ जागेवर लागतात. पलीकडे आठवणीच उरल्या नसतील तर सेतू कशावर टेकवायचा? जखमेचा व्रण घट्ट होण्याआधी हे व्हायला हवं होतं, आणि ऋजुताच्या बाबतीत ती मुदत सरत आली होती. निर्णय देणारी समिती दुसऱ्याच दिवशी बसणार होती. तिनं नाही म्हटलं की ऋजुताची रवानगी शुश्रूषागृहात, जिथं फार प्रेमानं सांभाळतात आणि जिथून कुणी घरी परत येत नाही.

"कादंबरी कुठली लावलीत?" नसीमनं विचारलं.

"बंदर. दुसरी कुठली लावणार?" सानिका म्हणाली. "तेही शेवटचं प्रकरण."

त्या कादंबरीचं खरं नाव लांबलचक होतं, पण या तिघी तिला नुसतं 'बंदर' म्हणत. खाडीच्या धक्क्यावरून उतारूंची तर, म्हणजे होडी, चालवणाऱ्या भागीरथीची आणि तिला टाकून गेलेल्या नवऱ्याची, धोंडूची, ती गोष्ट. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका खोलीत तिघींनी मिळून ती पहिल्यांदा वाचली. एकीनं मोठ्यानं वाचायची, दोघींनी ऐकायची. तेव्हापासून नोकऱ्या झाल्या, लग्नं झाली, एकीचं मोडलं, मुलं परदेशी गेली, गुडघे कुरकुरू लागले, पण एखाद्या रविवारी कुणा एकीच्या घरी भडंगाचं पातेलं मध्ये ठेवून 'बंदर' वाचणं काही थांबलं नाही. इतरही कादंबऱ्या होत्या. नव्या वाचायच्या, त्यांच्यावरून हमरीतुमरीवर यायचं आणि शेवटी जुन्याकडे वळायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. ऋजुता म्हणायची, नवी कादंबरी पाहुणी असते, जुनी घरची. त्यामुळं तिला कुठलं पुस्तक ऐकवायचं, यावर सानिकाला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

"मला ऐकव," नसीम म्हणाली. "काय ऐकवलंत तिला ते ऐकव."

"तेच गं. यंत्राच्या आवाजात. ओळखीचा आवाज असला की माणूस आवाजानंच हलतो, म्हणून सपाट आवाज लावतात."

"असू दे सपाट. ऐकव."

निषादनं ध्वनिफीत लावली. कसलाच चढउतार नसलेला आवाज वाचू लागला: "भागीरथीने थरथरत्या हातांनी दार उघडले. उंबऱ्यात धोंडू उभा होता. वनवासाची सारी वर्षे तिच्या डोळ्यांतून वाहू लागली आणि ती त्याच्या पायांवर कोसळली."

नसीम ताडकन उभी राहिली. "हे कुठलं आणलंत? भागीरथी कोसळली? ती कधी कोसळते होय?"

सानिकालाही ते वाक्य अनोळखी वाटलं. निषादनं भलतंच पुस्तक लावलं असं वाटून ती त्याच्यावर चांगलीच उखडली. त्यानं मुकाट्यानं पडदा तिच्याकडे वळवला. पुस्तक तेच होतं, लेखक तोच, प्रकरण शेवटचं. छापलेल्या 'बंदर'मध्ये भागीरथी नवऱ्याच्या पायांवर कोसळत होती आणि पुढच्या पानावर आपली तर ठेकेदाराला विकून टाकत होती.

नसीमनं ते पान पडद्यावर पुन्हा वाचलं.

"अगं," नसीम हळूच म्हणाली, "आपण कोसळू दिलीच नव्हती ना तिला."

निषादला यातलं काही कळेना, तेव्हा त्याला सांगावं लागलं, आणि सांगताना सानिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वसतिगृहातल्या कुठल्याशा पुनर्वाचनात भागीरथीचा म्हातारा सासरा विनाकारण बुडून मेला म्हणून नसीम रडायला लागली होती. तेव्हा ऋजुता म्हणाली, मग नको मारूया. पुस्तक हातात धरून तिनं वाचल्यासारखं करत म्हाताऱ्याला काठावर आणलं, आणि तिथून एक पद्धतच पडली. वाचन जिच्या घरी, तिला त्या वाचनात एक दुरुस्ती करायचा हक्क. बाकीच्या दोघींनी हवं तेवढं भांडावं, पण एकदा वाचन पुरं झालं की दुरुस्ती पक्की. वर्षानुवर्षं अशा दुरुस्त्या साठत गेल्या. शेवटच्या प्रकरणावर तर तिघींचा इतका राग, की त्यात मूळ लेखकाचं एक वाक्य धड उरलं नव्हतं. पुस्तक उघडून मांडीवर ठेवायचं ते केवळ रिवाज म्हणून. छापलेलं कच्चं आणि आपलं पक्कं, असंच त्या धरून चालल्या होत्या. इतकं, की चाचणीसाठी पुस्तकाचं नाव देताना सानिकाच्या हे ध्यानातही आलं नाही.

"पण मॅडम, तरी शून्य कसं?" निषाद म्हणाला. "कुंभोजकर मावशींना वेगळा शेवट पाठ आहे, मान्य. तर मग अंक अनोळखी माणसाइतका यायला हवा. त्याच्याखाली कसा जाईल?"

प्रश्न रास्त होता, आणि तो मांडणारा आपला विद्यार्थी आहे याचा सानिकाला एवढ्या घालमेलीतही थोडा अभिमान वाटला. उत्तर तिला ठाऊक नव्हतं. पण ते शोधायची जागा ठाऊक होती. तिनं दुसरी टोपी घेतली, स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि खुर्चीत बसली. "लाव तेच प्रकरण. माझ्यावर."

सपाट आवाजानं प्रकरण वाचून काढलं. भागीरथी पुन्हा कोसळली, तर पुन्हा विकली गेली. सानिकाला प्रत्येक वाक्याला ओरडावंसं वाटत होतं. शेवटी निषादनं पडद्यावरचा अंक पाहिला आणि चष्मा काढून पुसला. चाहूलमापक घडवणाऱ्या, धडधाकट, सकाळीच वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवून आलेल्या डॉ. सानिका बेळेकरला चाहूलमापकानं शून्य दिलं होतं.

"आता मूळ आकडे काढ," ती म्हणाली. "गोळा केलेला अंक नको. शब्दागणिक."

आकडे पडद्यावर आले आणि सानिकानं कपाळावर हात मारला. ते शून्य नव्हतेच. उणे होते, खोल खोल उणे. मेंदूनं काहीच तयार ठेवलं नसेल तर शब्दाची जुळणी शून्य येते. पण मेंदूनं एक शब्द अगदी खात्रीनं तयार ठेवला आणि आला भलताच, तर त्याला जो धक्का बसतो तो उणे दिसतो. यंत्र बनवताना सानिकानंच ठरवलं होतं की उणे आलं तर अहवालात शून्य दाखवायचं. ज्याला कादंबरी येते त्याला ती बरोबर येते, ज्याला येत नाही तो हट्ट धरत नाही. उणे म्हणजे टोपी सरकल्याची खूण, असं तिचं साधं गणित. चुकीची कादंबरी इतक्या छातीठोकपणे पाठ असलेलं माणूस असू शकेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही, आणि ते माणूस तिला रोज आरशात दिसत होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"म्हणजे पर्यायांच्या पेपरसारखं झालं की हे," नसीम म्हणाली. "झोपेत कसंही लिहिलं तरी चार उत्तरं बरोबर येतात. सगळीच्या सगळी चुकवायची तर अभ्यास लागतो."

निषाद तोवर ऋजुताचे शब्दागणिक आकडे काढायला धावला होता. ते सानिकाच्या आकड्यांशेजारी ठेवले तेव्हा कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. 'कोसळली'ला दोघींचा आकडा एकाच खड्ड्यात गेला होता. सानिकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते येऊ दिलं. काचेपलीकडे निश्चल पडलेली ती बाई सकाळपासून प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात "चूक, चूक" असं ओरडत होती, आणि बाहेर त्याची नोंद होत होती की आत कुणी नाही.

समितीपुढं न्यायला मात्र एवढं पुरणार नव्हतं. उणे आकड्यांची गोष्ट नवी होती आणि समितीला नव्या गोष्टींचं वावडं होतं. निषाद म्हणाला, तुमची आवृत्ती सांगा, मी यंत्राच्या आवाजात घालतो आणि तीच ऐकवतो. मग दोघी सांगायला बसल्या. म्हातारा सासरा जिवंत, भागीरथी दार उघडत नाही, खिडकीतूनच सांगते, "तांब्याभर पाणी ओट्यावर ठेवलंय, पी आणि बस." इथपर्यंत एकमत होतं. पुढं धोंडू पाणी पितो की तांब्या लवंडतो यावरून दोघींची अशी जुंपली, की निषादला दोन्ही वाक्यं लिहून घ्यावी लागली. शेवटी पहाटे भागीरथी धक्क्यावर जाते, तरीचा दोर सोडते आणि खाडीचं तोंड ओलांडून एकटीच भर समुद्रात निघून जाते. हा शेवट नसीमचा, आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

चाचणी सुरू झाली. या वेळी निषादनं दोघींना काचेशी उभं राहू दिलं. पडद्यावरची रेघ पहिल्या वाक्याला जराशी थरथरली, दुसऱ्याला उचलली, आणि "तांब्याभर" म्हणताच इतकी वर गेली की निषादला पडद्याची मापं बदलावी लागली. शब्द यायच्या कितीतरी आधी ऋजुता त्याच्या दारात जाऊन उभी राहत होती. तांब्या लवंडला तेव्हा रेघ वरच होती, धोंडू पाणी प्यायला तेव्हा खाली आली. "बघ," सानिका नसीमला म्हणाली, आणि दोघी एकमेकींना धरून हसल्या आणि रडल्या. इतक्या वर्षांत चाहूलमापकावर इतका अंक कुणालाच मिळाला नव्हता.

मग शेवट आला. भागीरथीनं दोर सोडला, तर प्रवाहाला लागली, आणि "खाडीचं तोंड ओलांडून" या शब्दांना रेघ धाडकन कोसळली. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, शेवटपर्यंत ती वर आलीच नाही.

निषादचा चेहरा उतरला. "इथं भगदाड दिसतंय. शेवटाची आठवण गेली असावी."

सानिकानं आता शून्यावर विश्वास ठेवायचा नाही हे शिकून घेतलं होतं. तिनं शब्दागणिक आकडे काढले. उणे, खोल उणे. आठवण गेलेली नव्हती. ऋजुताच्या मनात दुसरंच काहीतरी ठामपणे तयार होतं. पण काय? हा शेवट पक्का होऊन वर्षं लोटली होती. याच्याहून वेगळी आवृत्ती ना छापलेली होती, ना कधी तिघींनी म्हटलेली.

"पुढचं वाचन कुणाच्या घरी होतं?" नसीमनं एकदम विचारलं.

सानिकानं काचेकडे बोट केलं. पुढचं वाचन ऋजुताच्याच घरी होतं. रविवार ठरला होता, भडंग आणून ठेवलेलं होतं, आणि शुक्रवारी तिच्या डोक्यात ती नस फुटली.

"तिचा हक्क आहे," नसीम म्हणाली. "दुरुस्ती करून बसलीय ती. आपणच विचारलं नाही."

चाचणी संपलेली होती, त्यामुळं सपाट आवाजाचा नियमही संपला होता. दोघी आत गेल्या. निषाद रेघ बघत बाहेर बसला आणि रेघ वर गेली की वर, खाली आली की खाली, असं मोठ्यानं सांगू लागला. सानिकानं ऋजुताचा हात हातात घेतला. "ऋजू, आम्ही एकेक म्हणतो. तू ऐक. भागीरथीनं दोर सोडलाच नाही."

"खाली," निषाद म्हणाला.

"तर बुडाली."

"आणखी खाली."

"धोंडू पोहत मागं आला," नसीम म्हणाली, आणि निषादनं सांगण्याआधीच स्वतःच मान हलवली. धोंडूला ऋजुतानं आयुष्यात कधी एक वाक्यभरही दया दाखवली नव्हती. त्यांनी वादळ आणलं, देवमासा आणला, सासऱ्याला तरीत बसवलं. रेघ खालीच राहिली. मग सानिकानं ऋजुताच्या उघड्या, कुठंच न बघणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि जे तिघींपैकी कुणीच कधी सुचवलं नव्हतं ते म्हटलं. "खाडीच्या तोंडाशी भागीरथीनं तर माघारी वळवली."

"वर," निषाद बाहेरून ओरडला. "मॅडम, वर."

"कशाला वळवली?" नसीम पलंगावर वाकली. "नवऱ्यासाठी?"

"खाली."

"घरासाठी? पैशासाठी?"

"खाली. खाली."

नसीमनं ऋजुताच्या कानाशी तोंड नेलं. मग हळू आवाजात, वाचल्यासारखं म्हणाली, "उजाडलं होतं. धक्क्यावर उतारू येऊन थांबले होते."

निषादनं काचेतून नुसती मान हलवून वर, वर असं सांगितलं.

सानिकानं ऋजुताचा हात आपल्या गालाशी धरला. कुणीही न सांगितलेलं, कुठंही न लिहिलेलं वाक्य ऋजुतानं स्वतः रचलं होतं, आणि उन्हाळ्यापासून ते ती एकटीच जवळ बाळगून होती. उद्या समितीला नाही म्हणता येणार नव्हतं. पण त्या घडीला सानिकाच्या मनात समिती नव्हती. ऋजूला परत यायचं आहे, एवढंच होतं.

नसीमनं ओढणीनं डोळे पुसले आणि ऋजुतानं कुठलीही दुरुस्ती केली की आजवर जे ती म्हणत आली होती तेच म्हणाली. "हे काय बाई पटलं नाही आपल्याला. समुद्रापर्यंत गेलेली बाई माघारी येते होय?"

"मावशी," निषाद दारातून म्हणाला, "हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं?"

"कुठल्या पुस्तकातलं असेल? माझं आहे."

त्यानं सानिकाकडे पाहिलं. यंत्र अजून चालूच होतं, आणि रेघ नसीमच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पडद्याच्या माथ्यावर होती. 'तांब्याभर'लाही ती इतकी वर गेली नव्हती.

"म्हणजे मी काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं?" नसीमनं विचारलं.

"तुझ्या आधी," सानिका म्हणाली.

नसीमनं खुर्ची पलंगाजवळ ओढली, ओढणी सावरली आणि ऋजुताशी भांडायला बसली.